निकाल फसला, राग आला, आणि मग जुने मेसेज वाचले

दूरदिवा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकतो.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांच्याकडे ते शेअर आहेत त्यांना कळेलच. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना नावाने काही फरक पडत नाही, कारण अशा बहुतेक छोट्या बायोटेक कंपन्यांची गोष्ट हीच असते: एकच रेणू, विक्री शून्य, आणि सगळा डोलारा एका चाचणीच्या निकालावर उभा.

निकाल बाजार उघडायच्या आधी आला. कंपनीच्या प्रेस रिलीजचा मथळा वाचून मला आधी आनंदच झाला. 'ठरावीक रुग्णगटात उत्साहवर्धक कल' असं काहीसं होतं. मग दुसऱ्या परिच्छेदावर आलो. चाचणीचा मुख्य निकष, म्हणजे औषध चाललं की नाही ते ठरवणारं मोजमाप, साध्य झाला नाही, ही गोष्ट तिथे एका लांबलचक वाक्याच्या पोटात, दोन स्वल्पविरामांच्या मधे ठेवलेली होती. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि भाव उघडला. तीन चतुर्थांश किंमत गेलेली होती. दहाएक दिवसांनी कंपनीने त्या पडलेल्या भावाच्याही खाली नवे शेअर काढले, वर वॉरंटही दिले, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचे हक्क. म्हणजे आमच्या वाट्याचा जो तुकडा उरला होता तोही पातळ झाला.

मग मीही बाकीच्यांसारखाच पेटलो. सीईओला शिव्या घातल्या, गुंतवणूकदार संपर्क विभागाला लांबलचक ईमेल लिहिली, 'हे सगळं आधीपासून ठाऊक असणार' असं चारचौघांत ठणकावून सांगितलं. तीन रात्री नीट झोप नाही.

चौथ्या दिवशी धाकट्या बहिणीचा मेसेज आला. 'दादा, ते बघितलंस का?' एवढाच.

ते शेअर तिने माझ्या सांगण्यावरून घेतले होते. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. उत्तर काय द्यावं सुचेना, म्हणून आमचे जुने मेसेज वर वर सरकवत गेलो. चौदा महिन्यांपूर्वीचे सापडले. मी लिहिलं होतं, 'आधीच्या चाचणीत एकतीसपैकी एकोणीस जणांना फरक पडलाय, हे फार मोठं आहे.' त्यावर तिने विचारलं होतं, 'आणि पुढच्या चाचणीत नाही चाललं तर?' आणि माझं उत्तर: 'तू काळजी करू नकोस. मी सगळं वाचलंय.'

मी सगळं वाचलेलं नव्हतं.

त्या आधीच्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदणीत ते स्वच्छ लिहिलेलं होतं. तिमाही अहवालात एक परिच्छेद होता की पुढचे बारा महिने व्यवसाय चालू ठेवता येईल का, याबद्दल लक्षणीय शंका आहे. तो अहवाल मी उघडला होता, एवढं आठवतं. पण मी शोधत होतो 'निकाल कधी येणार' हा शब्द, आणि तो सापडल्यावर फाइल बंद केली.

सीईओने मथळा गोड केला हे खरं. पण 'मी सगळं वाचलंय' हे वाक्य सीईओने लिहिलेलं नाही.

म्हणून विचारतोय. या सगळ्यात त्यांचं किती आणि माझं किती, हे तुम्ही कसं वेगळं करता?

---

स्पष्ट_बोला

दूरदिवा, तुमचा प्रामाणिकपणा मनाला भिडला, पण मी तुमच्याशी सहमत नाही आणि का ते सांगतो.

असं लिखाण वाचलं की व्यवस्थापन मंडळी सुटकेचा श्वास सोडतात. 'धोक्याची कल्पना दिली होती' हे त्यांचं ठरलेलं उत्तर असतं. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने कंपन्यांना भविष्याबद्दलच्या विधानांसाठी संरक्षण दिलंय, सोबत अर्थपूर्ण सावधगिरीची सूचना जोडलेली असली की झालं. म्हणूनच प्रत्येक प्रेस रिलीजच्या तळाशी तो बारीक अक्षरांतला ठोकळा असतो. शेअर पडला की वकिलांच्या फर्म 'आम्ही तपास करत आहोत' अशा जाहिराती देतात. मी एका दाव्यात भाग घेतला होता. कित्येक वर्षांनी जे हाती आलं त्यात नुकसानीचा एक कोपराही भरून निघाला नाही.

माझ्याकडच्या एका कंपनीत तर भाव पडल्यावर संचालकांनी स्वतःच्या ऑप्शन्सची, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याच्या हक्कांची, किंमत खाली आणून घेतली. कारण दिलं की, लोक सोडून जाऊ नयेत म्हणून. आमच्या खरेदीची किंमत कोणी खाली आणून दिली का?

आणि इतिहास बघा. इम्क्लोन या बायोटेक कंपनीचा संस्थापक सॅम वॅक्सल. २००१ च्या डिसेंबरात एफडीए (अमेरिकेची औषध नियामक संस्था) औषधाचा अर्ज परत पाठवणार हे आतून कळल्यावर त्याने घरच्यांना शेअर विकायला सांगितलं. बाहेरच्या भागधारकाने कितीही अहवाल वाचले असते तरी त्याला ते कळलं नसतं. तेव्हा सगळंच स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका.

---

मध्यमपद

मी चाचण्यांच्या आकडेवारीचं काम करतो. गुंतवणुकीचा सल्ला देत नाही, पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

स्पष्ट_बोला यांनी इम्क्लोन काढलंत ते बरं झालं, कारण ती गोष्ट पुढेही आहे. वॅक्सलला २००३ मध्ये सात वर्षांहून जास्त शिक्षा झाली. आणि तेच औषध, एर्बिटक्स, फेब्रुवारी २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. २००८ मध्ये एली लिली या मोठ्या औषध कंपनीने ती कंपनी सुमारे ६.५ अब्ज डॉलरला घेतली. माणसाने गुन्हा केला होता आणि औषध चालत होतं. उलटही होतं, आणि ते कितीतरी जास्त वेळा: माणसं सरळ असतात आणि औषध चालत नाही. राग मात्र दोन्ही वेळा सारखाच येतो, कारण भाव दोन्ही वेळा सारखाच पडतो.

औषध न चालणं हे या क्षेत्रातलं नेहमीचं आहे. बायो या अमेरिकी उद्योगसंघटनेने २०११ ते २०२० या दशकाचा आढावा घेतला होता. माणसांवरच्या चाचण्यांचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात शिरलेल्या औषधांपैकी मंजुरीपर्यंत पोचण्याचं प्रमाण ७.९ टक्के. सगळ्यात मोठी गळती दुसऱ्या टप्प्यात, तिथून पुढे जाणारी २८.९ टक्के. तिसऱ्यातून पुढे जाणारी ५७.८ टक्के. म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या निकालाआधी शेअर घेणारा माणूस, हाती दुसरं काही नसेल तर, साधारण दहात तीन अशा शक्यतेवर पैसे लावत असतो. हे प्रमाण ठाऊक असलेला आणि नसलेला, दोघांनाही शेअर एकाच भावाला मिळतो.

आता ते एकतीसपैकी एकोणीस. तुलनेचा गट नसेल तर त्या एकोणीस जणांत नेमकं कोण आहे हे सांगताच येत नाही. माणूस दुखणं सगळ्यात वाढलेलं असताना डॉक्टरकडे जातो आणि चाचणीत भरती होतो. त्यानंतर काहीही न करता त्यातले बरेच जण थोडे सुधारतात. शिवाय छोट्या चाचणीत कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे निवडणारी माणसंही आशेवरच असतात. यात लबाडी असावीच लागत नाही. मी स्वतः असे आकडे बघून हुरळलोय, पुढे मोठी चाचणी आली आणि सगळं विरून गेलं.

लबाडी कुठे सुरू होते? 'ठरावीक रुग्णगट' हा शब्द. मुख्य निकष हुकल्यावर वय, लिंग, आजाराची तीव्रता असे काप करत गेलं की कुठल्या ना कुठल्या कापात चांगला आकडा निघतोच. इंटरम्यून कंपनीने ऑगस्ट २००२ मध्ये नेमकं हेच केलं. फुप्फुसाच्या एका गंभीर आजारावर ३३० रुग्णांची चाचणी होती, मुख्य निकष हुकला. मग सौम्य ते मध्यम आजार असलेल्यांचा गट नंतर वेगळा काढून पाहिला आणि प्रेस रिलीजमध्ये लिहिलं की मृत्यू ७० टक्क्यांनी घटले. पुढे ८२६ रुग्णांची नवी चाचणी झाली, ती २००७ मध्ये थांबवावी लागली कारण फायदा दिसेना. त्या प्रेस रिलीजबद्दल सीईओ स्कॉट हार्कोनेनला २००९ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं. (२०२१ मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. आमच्या क्षेत्रात या खटल्यावर अजून वाद होतो. आकडे खोटे नव्हते, अर्थ लावला तो फसवा होता, आणि तो गुन्हा मानावा का, हा प्रश्न आहे. माझ्या मते त्या मथळ्याने नुकसान केलं, रुग्णांचं आणि भागधारकांचंही.)

दूरदिवा, तुमच्या त्या प्रेस रिलीजमध्ये 'कल' ज्या गटात दिसला तो गट चाचणी सुरू होण्याआधी लिहून ठेवलेला होता का? नोंदणीत पाहा. माझ्या दृष्टीने तुमचा कंपनीवरचा राग किती रास्त आहे, ते तिथे ठरेल.

---

दूरदिवा

मध्यमपद, आत्ता पाहून आलो. तो गट आधी लिहिलेला नव्हता. म्हणजे मथळ्याबद्दलचा माझा राग खरा आहे.

पण त्यात एक अडचण आहे. मथळा निकालाच्या दिवशी आला. मी आणि बहिणीने पैसे चौदा महिने आधी घातले, आणि मी तर भाव उतरत असताना आणखी शेअर घेऊन तीनदा अ‍ॅव्हरेज केले. त्या मथळ्याने मला काहीच घ्यायला लावलेलं नाही. मी ज्या रागाने तीन रात्री जागलो तो राग खरा, पण माझं नुकसान त्याच्या आधीच झालेलं होतं.

---

शेवंती

सहसा मी इथे फक्त वाचते. आज लिहिते, कारण आकड्यांमधली माणसं कोणाच्या बोलण्यात येत नाहीयेत.

माझे वडील एएलएसने गेले. स्नायूंवरचा ताबा सुटत जाणारा मज्जातंतूंचा आजार. हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. ते एका चाचणीत होते. दर महिन्याला डॉक्टर चमचा धरता येतो का, जिना चढता येतो का, अंथरुणात कुशीवर वळता येतं का, असे प्रश्न विचारून गुण द्यायचे. बारा प्रश्न, प्रत्येकी चारपर्यंत गुण. एका महिन्यात त्यांची सही बदलली होती. अक्षर मोठं आणि वाकडं झालं होतं. हस्ताक्षराचा एक गुण कमी झाला. तुम्ही ज्याला निकष म्हणता तो आमच्या घरात असा दिसायचा. त्यांना औषध मिळत होतं की तुलनेसाठी दिलेली, आत औषध नसलेली नुसती गोळी, हे आम्हाला बऱ्याच नंतर कळलं. नुसती गोळी होती. तरीही ते म्हणाले होते, 'कोणाला तरी ती घ्यावीच लागणार ना.'

म्हणून चाचणी फसली की 'फसवणूक' हा शब्द वाचताना मला त्रास होतो. ती चाचणी पूर्ण झाली, उत्तर मिळालं, उत्तर 'नाही' होतं. ते 'नाही' मिळवायला माझ्या वडिलांसारखी कितीतरी माणसं लागली.

जबाबदारीचं एक उदाहरण मला मोलाचं वाटतं. अ‍ॅमिलिक्स नावाची कंपनी. त्यांच्या एएलएसच्या औषधाला सप्टेंबर २०२२ मध्ये एफडीएने मंजुरी दिली, ती १३७ रुग्णांच्या चाचणीवर. आधार कमी होता हे सगळ्यांनाच माहीत होतं. तेव्हा सल्लागार समितीसमोर कंपनीच्या दोन सीईओंपैकी एकाने जाहीर शब्द दिला की मोठी चाचणी फसली तर आम्ही स्वतः औषध मागे घेऊ. मार्च २०२४ मध्ये ६६४ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला, औषध आणि तुलनेसाठी दिलेली औषध नसलेली मात्रा यांत फरक निघाला नाही. शेअर एका दिवसात ८० टक्क्यांहून जास्त पडला. आणि एप्रिलमध्ये त्यांनी खरंच औषध बाजारातून काढलं, बहुतांश कर्मचारी कमी करावे लागले तरी. भागधारकांचे पैसे गेले, हे मला कळतं. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी आम्हाला दिलेला शब्द पाळला.

दूरदिवा दादा, तुमच्या बहिणीला तुम्ही उत्तर दिलंत का अजून?

---

पाणवठा

शेवंती, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काहीच लिहावंसं वाटलं नाही. वडिलांना नमस्कार.

मी पैशांच्या बाजूने लिहितो, कारण अनेकांच्या रागाचं मूळ तिथे आहे: 'यांनी पुन्हा शेअर छापले.' विक्री नसलेल्या कंपनीकडे पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. शेअर विकून, कर्ज काढून, किंवा मोठ्या कंपनीशी भागीदारी करून. तिसरी वाट चांगली माहिती हाती असेल तरच उघडते आणि कर्ज कोणी सहज देत नाही. उरतो पहिला मार्ग. म्हणजे नवे शेअर निघणं हा या धंद्याचा इंधनखर्च आहे, आणि घेताना तो हिशोबात धरायचा असतो. करायला दोन मिनिटं लागतात. ताळेबंदातली रोकड आणि अल्पमुदतीची गुंतवणूक यांची बेरीज घ्या. रोकड प्रवाहाच्या पत्रकात कामकाजात तिमाहीला किती गेले ते पाहा. भागाकार करा. उत्तर चार तिमाहींच्या खाली असेल आणि निकाल पाच तिमाहींवर असेल, तर निकालाच्या आधी शेअर निघणार, हे लिहूनच ठेवा. मग पाहा, थकित वॉरंट किती, आणि अधिकृत शेअरमधले, म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त जेवढे काढायची परवानगी आहे त्यातले, अजून किती काढायचे शिल्लक आहेत.

त्यापुढचं पाऊलही माहीत असू द्या. नॅसडॅक या अमेरिकी शेअरबाजारात भाव सलग तीस कामकाजाचे दिवस एक डॉलरच्या खाली राहिला की नोटीस येते, सुधारायला सहसा १८० दिवस मिळतात. मग रिव्हर्स स्प्लिटचा, म्हणजे अनेक शेअर मिळून एक करण्याचा, प्रस्ताव येतो. त्याने एका शेअरचा भाव वाढलेला दिसतो, पण तुमच्या एकूण शेअरची किंमत मुळात घटत नाही आणि वाढतही नाही. पण अधिकृत शेअरची संख्या तशीच ठेवली तर नवे शेअर काढायला मोकळं रान मिळतं. तो प्रस्ताव नीट वाचायचा असतो.

आणि इथेच मला स्पष्ट_बोला यांना विचारायचंय, मनापासून. ऑप्शन्सची किंमत खाली आणली तेव्हा, त्या योजनेवर भागधारकांचं मत मागितलं होतं का? तुम्ही दिलं होतं का? छोट्या कंपन्यांच्या वार्षिक सभा कधी कधी गणपूर्तीअभावी पुढे ढकलाव्या लागतात, इतकी कमी मतं पडतात. आपल्याला ब्रोकरकडून प्रॉक्सीची, म्हणजे सभेतल्या प्रस्तावांवर मत देण्याची, ईमेल येते आणि आपण ती उघडत नाही. मी सहा वर्षं उघडली नाही.

---

स्पष्ट_बोला

नाही दिलं. त्या ईमेल जाहिराती समजून काढून टाकल्या.

माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. ज्याच्या हाती माहिती जास्त त्याची जबाबदारी जास्त, आणि दर वर्षी तगडा पगार घेणाऱ्या माणसाने गोड मथळ्यामागे लपू नये. पण मला जो एक अधिकार होता तो मी वापरला नाही, हे मान्य करतो. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

---

नवखा_सात

मी नवीन आहे, माझ्याकडेही अशाच एका कंपनीचे शेअर आहेत, निकाल दोन महिन्यांवर आहे. ठेवू की विकू? कृपया कोणीतरी स्पष्ट सांगा.

---

मध्यमपद

सांगणार नाही, राग मानू नका. एकच विचारतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी यातले ऐंशी टक्के गेले तर तुमच्या घरात कोणाचं काही अडेल का? उत्तर 'हो' असेल तर तो प्रश्न औषधाचा नाही, तुम्ही किती घातलेत त्याचा आहे. आणि ते प्रमाण आज तुमच्या हातात आहे, दोन महिन्यांनी नसेल.

---

नवखा_सात

अडेल.

---

पाणवठा

मग निदान जेवढं गेल्याने अडेल तेवढं तरी आधी बाजूला काढा. उरलेल्याचं नंतर ठरवा. औषध चाललं तर हळहळ वाटेल, ती सोसता येते.

---

दूरदिवा

दोन दिवस इकडे आलो नाही. शेवंती, तुमच्या प्रश्नानंतर बहिणीला फोन केला. मेसेज करणार होतो, पण तो पळपुटेपणा झाला असता.

आधी मी कंपनीबद्दलच बोलत सुटलो. मुख्य निकष, गट, वॉरंट. ती ऐकत होती. मग तिने मधेच विचारलं, 'दादा, तुला तेव्हा हे माहीत होतं?' मी म्हणालो, 'नव्हतं. पण तुला म्हणालो होतो की सगळं वाचलंय.' ती बराच वेळ काही बोलली नाही. पलीकडे भाची मोठ्याने काहीतरी पाठ करत होती, ते ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, 'पैशाचं बघू रे. पण तू मला माहीत नाही म्हणाला असतास, तरी मी थोडे घातलेच असते. थोडे.' आणि नंतर बोलते म्हणून फोन ठेवला.

तिच्या मुद्दलाचा माझ्या बोलण्यावरून गेलेला भाग मी हप्त्याने परत करायचं ठरवलंय. ती नको म्हणेल. तरी करणार आहे.

इकडे कंपनीची प्रॉक्सी आली आहे. पाणवठा म्हणाले तसंच, रिव्हर्स स्प्लिट, आणि अधिकृत शेअर मात्र आहेत तेवढेच ठेवायचे. मी पहिल्यांदाच पूर्ण कागद वाचला, साडेतीन तास लागले. स्प्लिटच्या विरोधात आणि नवीन ऑप्शन योजनेच्या विरोधात मत दिलं. निकाल फसला म्हणून संचालकांच्या विरोधात देणार होतो, पण शेवंतींचं लिहिलेलं आठवलं. चाचणीची प्रमुख असलेल्या संचालिकेच्या बाजूने दिलं. चाचणी तिने नीट चालवली होती. ज्याच्या नावाने तो मथळा निघाला, त्याच्या विरोधात दिलं.

आज सकाळी बहिणीने एक स्क्रीनशॉट पाठवला. तिच्या प्रॉक्सीच्या पानाचा, तिसऱ्या प्रस्तावाभोवती लाल गोल केलेला. खाली लिहिलंय, 'याचा अर्थ काय? आणि माहीत नसेल तर तसं सांग.'

तिसऱ्या प्रस्तावातलं एक कलम मला कळलेलं नाही. वॉरंटची किंमत नंतर बदलता येईल असं त्यात आहे, पण कोणत्या स्थितीत ते उलगडत नाही. पाणवठा, वेळ मिळाला तर बघाल का? तोवर तिला 'माहीत नाही, विचारून सांगतो' असं कळवलंय.